मळ्यातल्या घरात कडाक्याची थंडी : बाळंतीण, तान्हे बाळ आणि आजोबांना कसे जपावे?

प्रश्न थोडक्यात असा : आम्ही निफाड तालुक्यात गोदाकाठी मळ्यात राहतो. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे, मागच्या बाजूला पत्रे आहेत. सून बाळंतीण असून बाळ अकरा दिवसांचे आहे; जन्माच्या वेळी त्याचे वजन सव्वादोन किलो भरले होते. सासरे ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना रक्तदाब आणि दमा आहे. पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो. सासूबाईंच्या आग्रहामुळे सुनेच्या बाजेखाली रात्रभर निखाऱ्यांची शेगडी असते आणि गारवा येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून फटींत कापड कोंबलेले असते. दोन दिवसांपासून सुनेचे सकाळी डोके दुखते, मळमळते. अंगणात उन्हाला बसले की बरे वाटते. मुलगा रात्रीच्या लाइटवर पाणी भरायला जातो. थंडी आणखी आठवडाभर राहणार म्हणतात. घर उबदार ठेवण्यासाठी काय करावे?

उत्तर :

ताई, घर उबदार कसे ठेवावे हा तुमचा प्रश्न आहे; पण त्यात जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याचे उत्तर मी आधी देतो. सुनेचे डोके सकाळी दुखते, मळमळते आणि बाहेर बसल्यावर उतरते, याला पित्त किंवा बाळंतपणाचा अशक्तपणा समजून सोडून देऊ नका. बंद खोलीत रात्रभर निखारे आणि मोकळ्या हवेत उतरणारी डोकेदुखी, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कार्बन मोनॉक्साइड वायूची बाधा झाली आहे, असेच धरून चालावे. आज रात्री ती शेगडी खोलीत जाता कामा नये. सून आणि बाळ या दोघांना आजच डॉक्टरांना दाखवा आणि ‘बंद खोलीत शेगडी होती’ हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगा. सुनेचा रक्तदाबही तिथेच मोजून घ्या, कारण बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढलेला रक्तदाब हे डोकेदुखीचे दुसरे गंभीर कारण असू शकते आणि ते नजरेतून सुटलेले परवडत नाही.

‘आपणहून सांगा’ यावर भर देण्याचे कारण आहे. बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे जे यंत्र आता घरोघरी आहे, ते या बाधेत फसते. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हे त्याला ओळखता येत नाही आणि माणूस गुदमरत असतानाही ते अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव असा आकडा दाखवू शकते. तो आकडा पाहून घरचे निर्धास्त होतात आणि शेगडीचा उल्लेख झाला नाही, तर डॉक्टरांचाही अंदाज चुकू शकतो. नेमके निदान रक्ताच्या वेगळ्या तपासणीने होते. उपचार म्हणजे रुग्णाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणणे आणि मास्कने शंभर टक्के प्राणवायू देणे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, तर मास्कने प्राणवायू दिल्यास ते काम साधारण तास-दीड तासात होते.

हा वायू तयार कसा होतो, हे सासूबाईंना समजावून सांगता आले तर निम्मे काम होईल. कोळसा, लाकूड किंवा गोवरी भरपूर हवेत जळते तेव्हा मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बनतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड बनू लागतो. आपल्याकडे शेगडी अंगणात पेटवून, धूर पूर्ण गेला आणि निखारे लाल झाले की मगच ती घरात आणतात. डोळ्यांना होणारा त्रास यामुळे टळतो, पण धोका टळत नाही. धूर न देणारे, वर राखेची साय चढलेले निखारे हाच या वायूचा मोठा स्रोत आहे. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. जागे असलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, चक्कर असा इशारा तरी मिळतो. झोपेत तोही मिळत नाही. खोलीत पाण्याचे भांडे ठेवल्याने किंवा एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने आपण सुरक्षित झालो, हा समज चुकीचा आहे. पाणी हा वायू शोषून घेत नाही आणि बोटभर फटीतून तो किती बाहेर जाईल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

सासूबाई म्हणतील, आमची सगळी बाळंतपणे बाजेखालच्या शेगडीवर झाली. त्या खोटे बोलत नाहीत. त्यांच्या काळी घरावर कौले होती, भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा होती, दाराच्या फळ्यांतून उजेड आत येत होता. हवा आपोआप खेळत होती. तुमच्या खोलीवर स्लॅब आहे, खिडकीला सरकत्या काचा आहेत आणि उरलेल्या फटीत कापड कोंबलेले आहे. रीत तीच राहिली, घर बदलले. हे त्यांना याच शब्दांत सांगा. त्यांच्या अनुभवाला खोटे न पाडता शेगडी बाहेर नेता येईल. शेकायचेच असेल तर दुपारी ओसरीवर, चारी बाजूंनी मोकळ्या जागेत, बाळाला आत ठेवून सुनेने हातपाय शेकावेत. त्याला माझी हरकत नाही.

आता शेगडी गेली तर ऊब कुठून आणायची? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरातले तापमान १८ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये, असे म्हटले आहे आणि लहान मुले व वृद्ध असलेल्या घरात ते त्याहून जास्त असावे, असेही सुचवले आहे. उत्तर महाराष्ट्रातील मळ्यातल्या घराला हे रात्रभर साधणे अवघड आहे. आपली घरे उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली असतात. पातळ भिंती, उघडी फरशी, वर पत्रा. तिथे तयार केलेली ऊब तासाभरात निघून जाते. म्हणून खोलीच्या हवेमागे न लागता प्रत्येक माणसाच्या अंगाची ऊब अंगाजवळच कशी राहील, हे पाहावे. त्याला निखारे लागत नाहीत, वीजही फारशी लागत नाही.

निफाडची थंडी कशी पडते, हे ध्यानात घेतले तर वेळेचे नियोजन सोपे जाते. उत्तरेकडून कोरडे गार वारे येतात, आकाश निरभ्र असते आणि सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहते. गार हवा जड असल्यामुळे गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या सखल खोऱ्यात ती साचते. वारा पडलेला असेल तर पारा अधिकच उतरतो आणि नीचांक मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या आसपास येतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंशांची नोंद झाली होती. मैदानी भागात किमान तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली आले की हवामान विभाग थंडीची लाट मानतो आणि २ अंशांवर तीव्र लाट. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की पहाटे तीन ते सात हे तास सर्वांत वाईट असतात. आजोबांचे, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचे, उठणे, बाळाचे उघडे पडणे, कुणाचीही आंघोळ, यातले काहीही या तासांत होऊ नये. बाजारात दोन-तीनशे रुपयांना भिंतीवरचा तापमापक मिळतो, तो बाळाच्या खोलीत टांगा. अंदाजाने चालण्यापेक्षा आकडा पाहून चाललेले बरे.

बाळाविषयी सविस्तर लिहितो, कारण या घरात सर्वांत नाजूक जीव तोच आहे. नवजात बाळ आपल्यासारखे कुडकुडून ऊब तयार करू शकत नाही. त्याच्या खांद्यांमध्ये आणि मानेभोवती एक खास चरबी असते, ती जाळून ते ऊब मिळवते. सव्वादोन किलोच्या बाळाकडे हा साठा कमी असतो. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे आणि डोके तर त्याहून मोठे, त्यामुळे ऊब झपाट्याने निघून जाते. अशा बाळासाठी सर्वांत खात्रीचा उपाय आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवणे हा आहे. त्याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, म्हणून डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली. ती नाइलाज म्हणून आली, पण पुढे अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी सर्वत्र शिफारस होऊ लागली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे छातीशी ठेवल्यावर त्यांचे मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. तुमचे बाळ त्यांच्यापेक्षा सशक्त आहे, म्हणजे या थंडीतून त्याला सुखरूप नेणे तुमच्या आवाक्यातले आहे.

करायचे असे. बाळाला फक्त कोरडे लंगोट, टोपडे आणि पायमोजे घालावेत. अंग उघडे ठेवावे. आईने पुढून उघडणारा गाऊन किंवा ब्लाऊज घालावा आणि बाळाला दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरावे. मान एका बाजूला वळलेली, हनुवटी छातीला टेकलेली नाही, नाक-तोंड मोकळे आणि आपल्याला दिसेल असे असावे. हातपाय बेडकासारखे दुमडलेले असावेत. मग मऊ सुती लुगड्याचा पट्टा बाळाच्या कानाच्या पातळीपासून खाली घट्ट गुंडाळून गाठ पाठीमागे मारावी आणि वरून शाल घ्यावी. पाठीशी उशा लावून आई रेललेल्या स्थितीत बसू शकते, पाजू शकते, डुलकीही घेऊ शकते. मात्र तिला गाढ झोप लागणार असेल तर घरातल्या जागत्या माणसाचे लक्ष हवे. आई थकली की बाळाच्या वडिलांनी किंवा तुम्ही स्वतः घ्या. पुरुषाच्या छातीचीही ऊब तितकीच चालते आणि मला विचाराल तर बापाने दिवसातून दोन तास तरी बाळाला असे घ्यावेच. सुनेला कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली असेल आणि तिला अजून गुंगी वाटत असेल, तर डॉक्टरांनी ठीक आहे असे सांगेपर्यंत बाळ तिच्याकडे न देता तुमच्यापैकी कोणीतरी छातीशी घ्यावे. पाजण्यापुरते तिच्याजवळ न्यावे.

बाळाला थंडी लागली आहे का, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. आपला हात आधी चोळून कोमट करा. त्याच्या उलट्या बाजूने आधी बाळाचे पोट आणि मग तळपाय पाहा. दोन्ही उबदार आणि तळवे गुलाबी असतील तर सारे ठीक आहे. पोट उबदार पण पाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडते आहे, लगेच छातीशी घ्या आणि पाजा. पोट आणि पाय दोन्ही गार लागले तर बाळाचे तापमान घसरले आहे. काखेत थर्मामीटर लावल्यास नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरेनहाइट असावे. याच्या उलटही लक्ष द्यावे लागते. चार दुपट्यांत गुंडाळून वर रजई टाकलेल्या बाळाच्या मानेला घाम आलेला मी हिवाळ्यातही पाहतो. जड पांघरूण सरकून नाकावर येते, म्हणून सुटी रजई, उशी, मऊ लोड यांतले काहीही बाळाजवळ नको.

रोजच्या न्हाऊ-माखूला या आठवड्यात सुट्टी द्यावी. भर दुपारी, दार लावून, कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने एकेक भाग पुसून लगेच कोरडा करावा, एवढे पुरते. ओले अंग हवेत राहिले की बाष्पीभवनाने ऊब जाते आणि मोरीतल्या मोठ्या आंघोळीत बाळ किती तरी वेळ ओले असते. तेलाचा हात उन्हात, वारा नसलेल्या जागी जरूर फिरवा. धुरी मात्र देऊ नका. ओवा, शेपा, लसणाच्या साली काहीही असो, धूर हा धूरच असतो आणि अकरा दिवसांच्या फुप्फुसांना तो सोसत नाही. अंगावरचे दूध दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. थंडीत ऊब तयार करायला बाळाला इंधन लागते आणि ते त्याला दुधातूनच मिळते. मध, गुटी, पाणी नको.

सर्वांनी रात्री झोपायला एकच खोली निवडा. स्लॅबची, शक्यतो दक्षिणेकडे खिडकी असलेली. दिवसा दहा ते चार तिच्या काचांतून ऊन आत येऊ द्या आणि ऊन उतरताच जाड पडदे ओढा. चार-पाच माणसे एका खोलीत झोपली की त्यांच्या अंगाच्या उबेनेच हवा दोन-तीन अंशांनी वर राहते. फटींतले कापड मात्र सगळे काढा. इतक्या माणसांना श्वास घ्यायला हवा लागते. दाराखालची फट तेवढी बंद करा, पण वरची झरोक्याची जागा उघडी ठेवा. आजोबांना खोकला-सर्दी असेल तर त्यांची खाट बाळापासून दूर, दुसऱ्या टोकाला असू द्या आणि त्यांनी मास्क लावावा.

पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. अंगावर तीन घोंगड्या असतात आणि खाली फरशीवर एक चटई. अंगाच्या भाराने दबलेले कापड ऊब धरत नाही आणि फरशी रात्रभर उष्णता ओढत राहते. सुंभाच्या किंवा पट्ट्याच्या बाजेवर खालून गार हवा लागते, म्हणून तर बाजेखाली शेगडी ठेवण्याची पाळी येते. तुमच्या भागात द्राक्षाच्या पॅकिंगचे पुठ्ठ्याचे बॉक्स ढिगाने मिळतात. ते उलगडून बाजेवर तीन-चार थर पसरा, त्यावर गोणपाट, त्यावर गोधडी. जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी पुठ्ठ्याखाली कोरडा भाताचा पेंढा अंथरा. पुठ्ठ्याच्या नळ्यांत अडकलेली हवा ऊब खाली जाऊ देत नाही. शेगडीचे निम्मे काम हा थर बिनधोक करतो.

पत्र्याच्या भागात कोणी झोपूच नये, असे मी म्हणेन. रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून आतल्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे त्याच्या आतल्या बाजूने थेंब गळतात ते त्यामुळेच. जागेअभावी झोपावेच लागले तर पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून ताडपत्री किंवा जुन्या साड्यांचे छत ताणून बांधा. गुरे त्या बाजूला असतील तर वासरांच्या पाठीवर गोणपाट बांधायला विसरू नका.

वीज असेल आणि हीटर घ्यायचा असेल तर तेल भरलेला रेडिएटर घ्या. त्यात उघडी तार नसते आणि हवा जळत नाही. तो दीड-दोन हजार वॉटचा असतो, म्हणून जाड पिनच्या स्वतंत्र सॉकेटला थेट लावा. एक्स्टेंशन बोर्डवर लावला तर वायर तापून आग लागण्याचा धोका असतो. झोपण्याआधी तासभर खोली गरम करून तो बंद करावा. उघड्या तारेची विजेची शेगडी आणि बाळावर टांगलेला मोठा बल्ब, दोन्ही नकोत. गरम पाण्याची रबरी पिशवीही अंथरुणात अर्धा तास ठेवून, माणूस झोपताना काढून घ्यावी. आजोबांना मधुमेह असल्यास पायांची संवेदना कमी असते, चटका बसल्याचे कळत नाही आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही. बाळाजवळ तर ही पिशवी कधीच नको.

न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर धोका शेगडीइतकाच आहे. दर हिवाळ्यात त्याने जीव जातात, तरुणांचेही. गिझर न्हाणीच्या बाहेर मोकळ्यावर हवा. तो आत असेल तर दार उघडे ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच आंघोळीला आत जा. पाण्याचा तांब्याचा बंब अंगणात असेल तर त्याच्याइतके सुरक्षित काही नाही.

आजोबांकडे वळतो. म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजत नाही, असे घरचे कौतुकाने सांगतात. वस्तुस्थिती अशी आहे की वयानुसार थंडीची जाणीवच बोथट होते, कुडकुडणे कमी होते आणि शरीराचे तापमान हळूहळू उतरत असताना माणूस शांत बसून राहतो. ते ३५ अंशांच्या खाली गेले की बोलणे जड होते, चाल अडखळते, माणूस विसरल्यासारखे करतो. घरच्यांना वाटते झोप येत आहे किंवा वय झाले. त्यांचे पोट हाताला गार लागले आणि ते नेहमीपेक्षा सुस्त असतील तर ती झोप नव्हे. ओले कपडे काढा, छाती-पोटाला पांघरुणाची ऊब द्या, शुद्धीत असतील तर गोड गरम चहा द्या आणि १०८ ला फोन करा. हातपाय जोराने चोळू नका, पायांपासून शेकायला सुरुवात करू नका; त्याने गार रक्त एकदम हृदयाकडे येते.

थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. त्यामुळे उन्हाळ्यात बसवलेला गोळीचा डोस डिसेंबर-जानेवारीत अपुरा पडू शकतो. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने वाढवू नका. हृदयविकाराचे झटके पहाटे आणि सकाळी जास्त येतात. मळ्यातल्या घरांत शौचालय अंगणापलीकडे असते आणि आजोबा पहाटे चारला पांघरुणातून थेट पाच अंशांत जातात, अनेकदा अनवाणी. हा क्षण मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवा. ते वापरायला त्यांना संकोच वाटेल, म्हणून आडोशाला एखादी जुनी साडी टांगा आणि घरातल्या पुरुषाने ते उचलण्याची जबाबदारी घ्यावी. उठताना दोन मिनिटे खाटेवर बसून, स्वेटर-कानटोपी-मोजे चढवून मगच उभे राहावे. आंघोळ दुपारी अकरानंतर, रोज केलीच पाहिजे असे नाही. दम्यासाठी पंप नियमित, शक्यतो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून. बाहेर पडताना मफलर नाका-तोंडावरून घ्यावा, म्हणजे श्वासातली हवा थोडी कोमट होऊन आत जाते. द्राक्षबागेत मणी तडकू नयेत म्हणून पहाटे धूर करतात, तो खोऱ्यात खालीच तरंगत राहतो. त्या वेळी त्यांनी ओसरीवर बसू नये. औषधे पंधरा दिवसांची घरात आणून ठेवा.

मुलाविषयी. आठवड्याआड रात्रीचा थ्री-फेज (मोटारीला लागणारी वीज) असला की पिकाला पाणी देताना बाऱ्यावर पाण्यात उभे राहणे टळत नाही, हे मी जाणतो. ओले कापड अंगाची ऊब कोरड्या कापडापेक्षा कितीतरी वेगाने घालवते. गुडघ्यापर्यंत गमबूट, आत लोकरी मोजे, आणि बांधावर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरड्या कपड्यांचा जोड असावा. घरी आल्यावर कपडे बदलून, हात साबणाने धुऊन, अंग गरम झाल्यावरच बाळाला घ्यावे. थंडी मारायला दारू घेण्याची बांधावरची सवय घातक आहे. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, गरम वाटते आणि नेमकी आतली ऊब बाहेर निघून जाते. बाळाला छातीशी घेणाऱ्या किंवा त्याच्याजवळ झोपणाऱ्या माणसाने तर ती मुळीच घेऊ नये.

खाण्याबद्दल तुमच्या घरात मी सांगावे असे काही नाही. बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, तीळ-गूळ, सुनेला डिंकाचे-आळिवाचे लाडू, हे सगळे योग्यच आहे. आजोबांना संध्याकाळी लवकर आणि पोटभर जेवू घाला, उपाशीपोटी ऊब तयार होत नाही. पाणी मात्र थंडीत सगळेच कमी पितात. कोमट करून ठेवले तर प्यायले जाते.

बाळ दोन वेळा दूध ओढायला नकार देत असेल, रडणे क्षीण झाले असेल, छातीशी तासभर ठेवूनही पोट गारच असेल, मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करून नवजात बालकांचा कक्ष असलेले सरकारी रुग्णालय गाठा. वाटेत बाळ दुपट्यात गुंडाळून नेऊ नका. कोणाच्या तरी छातीशी, उघड्या अंगाने, वरून शाल घेऊनच न्या. आजोबांच्या छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूची ताकद कमी होणे, यांपैकी काहीही झाले तरी हाच नियम. आणि घरातल्या दोघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, तर आधी सर्वांना अंगणात आणा, दारे सताड उघडा आणि कारण नंतर शोधा.

आज डॉक्टरांकडे जाताना गाडीच्या काचा बंद असतील, तरी सुनेच्या बाजूची काच थोडी खाली ठेवा. तपासणीचे कागद, बाळाचे आजचे वजन आणि सुनेचा रक्तदाब मला कळवा. वजन जन्माच्या वजनापर्यंत परत आले आहे की नाही, यावर बाळाच्या दुधाविषयी पुढचे सांगता येईल.